सीमाभागातल्या कोर्टात तडजोड टिकते कधी?

खानापूर तालुक्यातल्या एका नव्या वकिलाने विचारले आहे: "न्यायाधीशांना चांगले प्रशिक्षण द्या, खटले मध्यस्थीने मिटवा, म्हणजे न्यायव्यवस्था बळकट होईल, असे प्रत्येक कार्यक्रमात ऐकतो. पण बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी पक्षकाराला याचा खरोखर उपयोग होतो का? आणि माझ्यासारख्याने यात नेमके काय करावे?"

उपयोग होतो. बेळगावच्या कोर्टात वकिली करून आणि नंतर मध्यस्थ म्हणून दोन्ही पक्षांच्या मध्ये बसून जे पाहिले, त्यावरून सांगतो. आपल्या भागात तडजोडीची किंमत दोन गोष्टींवर ठरते. सही करणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे ते कळले होते का, आणि त्या कागदाप्रमाणे जमिनीच्या उताऱ्यावर नाव चढले का. ही दोन्ही उत्तरे 'हो' असतील तर तडजोड निकालापेक्षा चांगली. त्यातले एक जरी 'नाही' असेल तर दहा वर्षांनी त्याच घरातला दुसरा दावा त्याच कोर्टात येतो. न्यायाधीशांचे प्रशिक्षण असो की मध्यस्थांचे, ते या दोन प्रश्नांना भिडणारे हवे.

आधी इथली परिस्थिती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजारांच्या वर होती आणि मराठी मातृभाषा असलेले त्यात पाचातले जवळजवळ एक. ही जिल्ह्याची सरासरी झाली. खानापूर आणि बेळगाव तालुक्यात, निपाणीच्या पट्ट्यात गावेच्या गावे मराठी आहेत, रामदुर्ग-सौंदत्तीकडे मराठी घरे तुरळक. कोर्टाचे काम कन्नड आणि इंग्रजीत चालते. उच्च न्यायालयाचे धारवाडचे पीठ २००८ मध्ये फिरते म्हणून सुरू झाले आणि २०१३ पासून कायमचे झाले, त्यामुळे अपिलासाठी बेंगळूरला जाण्याचा त्रास संपला. न्यायाधीशांच्या बदल्या मात्र राज्यभर होतात. तुमकूर किंवा कोलारकडून आलेले न्यायाधीश खानापूरच्या खुर्चीवर बसतात, तेव्हा समोरची म्हातारी काय सांगते आहे ते त्यांना वकिलाच्या तोंडून कळते. त्यात त्यांचा दोष नाही. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आहे, तो त्याच्या गतीने चालेल. वाटणीचा, बांधाचा, पोटगीचा दावा ज्याच्या मानेवर आहे त्याला न्याय आज हवा आहे, याच कोर्टात आणि याच खुर्चीसमोर.

प्रशिक्षणाबद्दल बोलताना म्हणूनच मी कायद्याच्या व्याख्यानांपासून सुरुवात करत नाही, साक्षीपासून करतो. २००२ च्या दुरुस्तीनंतर दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने दिलेली पहिली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होते. ते प्रतिज्ञापत्र वकिलाच्या ऑफिसात कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत टाइप होते. पक्षकाराने हकीकत मराठीत सांगितलेली असते. वकिलाने ती ऐकली, कारकुनाने नेहमीच्या साच्यात बसवली, पक्षकाराने "सही कुठं करू?" एवढेच विचारले. पुढे केव्हातरी तो उलटतपासणीला उभा राहतो आणि समोरचे वकील त्याच्याच प्रतिज्ञापत्रातले एक वाक्य त्याला वाचून दाखवतात. "असं मी कुठं म्हटलंय?" असे तो म्हणतो, आणि ती नोंद होते. खरे बोलणारा साक्षीदार कागदावर खोटा ठरतो. अशी माणसे कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी पाहिली आहेत. हरल्यापेक्षाही आपण खोटारडे ठरलो याचे दुःख त्यांना जास्त असते.

कायद्यात यावर उपाय आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ मधला नियम ६ सांगतो की साक्ष एका भाषेत दिली आणि दुसऱ्या भाषेत उतरवली गेली, आणि साक्षीदाराला ती दुसरी भाषा येत नसेल, तर उतरवलेली साक्ष त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे. फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तसेच आहे: कलम ३१३ साक्ष वाचून दाखवण्याबद्दल, कलम ३१४ आरोपीला न समजणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला समजेल अशी करून सांगण्याबद्दल. दुभाष्याला शपथ घ्यावी लागते, हे १९६९ च्या शपथ कायद्यात आहे. पण तारखांच्या गर्दीत या गोष्टी सर्वात आधी गळतात. दुभाषा म्हणून हाताशी असेल तो उभा राहतो: एखादा शिपाई, नाहीतर कुणाचा तरी ज्युनिअर. म्हणून प्रशिक्षणात प्रत्यक्ष सराव हवा. मराठीत साक्ष देणारा माणूस समोर उभा करावा, न्यायाधीशांनी ती कन्नड-इंग्रजीत उतरवावी, मग परत मराठीत वाचून घ्यावी आणि मूळ बोलण्याशी ताडून पाहावी. एका दुपारच्या अशा सरावाने जे कळते ते नियमाचा क्रमांक पाठ करून कळत नाही.

सीमाभागात नेमणूक झालेल्या न्यायाधीशांना मराठीचा छोटा पाठही हवा. निबंध लिहिण्याइतकी मराठी कोण मागतो? चुलता, आत्या, आजोळ, दत्तक, सोडचिठ्ठी, वहिवाट, कबजेगहाण, खंड, पोटहिस्सा, पाणंद एवढे कानाला ओळखीचे झाले तरी साक्षीचा अर्थ बदलत नाही. राज्याच्या न्यायिक सेवेच्या परीक्षेत भाषांतराचा पेपर कन्नड आणि इंग्रजी यांचा असतो. राज्याची कामकाजाची भाषा लक्षात घेता ते बरोबरच आहे. पण ज्या तालुक्यात निम्म्याहून जास्त साक्षी मराठीत होतात, तिथे पाठवण्यापूर्वी काही आठवड्यांची तयारी करून घेणे हे त्या न्यायाधीशांनाही सोयीचे आहे.

दुसरी तयारी जुन्या कागदांची. जुन्या म्हैसूर भागातून आलेल्या अधिकाऱ्याला जमीन महसुलाचे जे दप्तर माहीत असते, ते आपल्याकडचे नसते. आपले १९५६ पूर्वीचे सगळे मुंबई राज्याचे. वाटणीपत्रे, खरेदीखते, फेरफार काही मोडीत, काही बाळबोध मराठीत. कूळहक्काचे काही वाद मुंबईच्या १९४८ च्या कूळ कायद्याखाली सुरू झाले आणि कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्याच्या १ मार्च १९७४ च्या दुरुस्तीनंतर लँड ट्रिब्युनलकडे फॉर्म नंबर ७, म्हणजे कुळाचा अर्ज, भरून संपले, किंवा संपलेच नाहीत. गावकामाच्या मोबदल्यात मिळालेल्या वतनी जमिनींना १९६१ चा ग्रामाधिकार निर्मूलनाचा कायदा लागला. २००० सालापासून 'भूमी' योजनेत उतारे संगणकावर आले ते कन्नडमध्ये. मराठी नावे कन्नड लिपीत जाताना कुठे 'ळ'चा 'ल' झाला, कुठे आडनाव गळाले, कुठे वडिलांचे नाव मुलाला लागले. शाळेचा दाखला, मतदार ओळखपत्र आणि उतारा या तीन कागदांवर एकच माणूस तीन तऱ्हेने लिहिलेला सापडतो. नवख्या न्यायाधीशाला त्यात बनावटगिरीचा संशय येतो. आपल्या जिल्ह्यातल्याला ती नेहमीची गोष्ट वाटते. मोडी वाचणारे जाणकार आज कमी आहेत आणि त्यातले बरेच वयस्कर आहेत. जिल्हा न्यायालयाने त्यांची यादी करून ठेवावी आणि मोडी कागदाचे लिप्यंतर कुणाकडून, कसे प्रमाणित करून घ्यायचे याची एक पद्धत ठरवावी. याला मोठा खर्च लागत नाही.

प्रशिक्षणाच्या एकूण व्यवस्थेबद्दल थोडक्यात. बेंगळूरला राज्याची न्यायिक अकादमी आहे, भोपाळला राष्ट्रीय. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, आणि नेमणुकीनंतर खुर्चीवर बसण्यापूर्वी किमान एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे केले. मला हा निर्णय योग्य वाटतो. त्या वर्षातला काही काळ तालुक्याच्या कोर्टात, सर्व्हे ऑफिसात, नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कचेरीत) आणि मध्यस्थी केंद्रात गेला तर आपल्यासारख्या भागाला त्याचा खरा फायदा होईल.

आता मध्यस्थी. दिवाणी संहितेचे कलम ८९ सध्याच्या रूपात १ जुलै २००२ पासून आहे. ते न्यायाधीशाला सांगते की तडजोडीची शक्यता दिसली तर पक्षकारांना लवाद, समेट, लोकअदालत, मध्यस्थी यांपैकी योग्य त्या मार्गाकडे पाठवा. कलमाची शब्दरचना गोंधळाची होती. ॲफकॉन्स विरुद्ध चेरियन वर्की या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो गोंधळ दूर केला आणि कोणते खटले पाठवावेत, कोणते पाठवू नयेत हेही सांगितले. व्यापारी व्यवहार, वाटणी, नवरा-बायको, शेजाऱ्यांचा बांध आणि पाण्याचा हक्क, ग्राहकांचे वाद हे पाठवण्याजोगे. कागद बनावट असल्याचा गंभीर आरोप, निवडणुकीचे वाद, अज्ञान (वयात न आलेली) मुले किंवा देवस्थान यांच्या हक्काला कोर्टाच्या संरक्षणाची गरज असलेले दावे, गुन्हेगारी खटले हे न पाठवण्याजोगे. कौटुंबिक वादात तर प्रतिवादीने कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देण्याच्या आधीच पाठवावे, कारण कैफियतीत एकमेकांवर चिखलफेक झाली की मने परत जुळत नाहीत, असे त्या निकालात सांगितले आहे. प्रत्येक मध्यस्थाने आणि न्यायाधीशाने तो निकाल पुरता वाचावा.

प्रत्यक्षात मात्र बऱ्याच फाइलींवर एका ओळीचा ठरावीक आदेश असतो, "मध्यस्थीकडे पाठवले". पक्षकाराला ती आणखी एक तारीख वाटते. समोर बसलेल्या दोन भावांना "तुमचा दावा मी वाचला, रक्कम इतकी, जमीन इतकी, यात हरणाऱ्याचे इतके जाईल आणि जिंकणाऱ्याच्या हाती इतके उरेल, एकदा बसून बघा" असे न्यायाधीशांनी दोन मिनिटे स्वतः सांगितले, की ते केंद्रात वेगळ्या मनाने येतात. ही दोन मिनिटे कशी बोलायची, निकालाचा कल न दाखवता कशी बोलायची, हेही शिकवावे लागते.

लोकअदालत आणि मध्यस्थी यांतला फरक आपल्याकडे वकीलही पुष्कळदा पुसून टाकतात, म्हणून तो सांगतो. लोकअदालत १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली चालते. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा (डिक्रीसारखा) धरला जातो, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण लोकअदालतीला स्वतः निकाल देण्याचा अधिकार नाही. पक्षकार राजी नसतील तर फाइल कोर्टाकडे परत गेलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जालोर सिंग प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट केले. अपघाताची नुकसानभरपाई, चेक न वटल्याचे खटले, बँकेची थकबाकी अशा रकमेच्या वादांना लोकअदालत फार उपयोगी आहे. निपाणी, संकेश्वर, बेळगाव या महामार्गावरच्या अपघातांत घरचा कर्ता गेलेल्या कुटुंबाला वर्षानुवर्षे थांबण्याऐवजी वाजवी आकडा लवकर मिळतो. वीज, पाणी, विमा, टपाल यांसारख्या लोकोपयोगी सेवांच्या तक्रारींसाठी बेळगावात कायम लोकअदालत आहे, आणि तिला मात्र समेट न झाल्यास निर्णय देण्याचाही अधिकार आहे. याची माहिती गावात फार कमी लोकांना असते.

राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी एका सकाळीत शेकडो फाइली निघतात. अपघाताच्या दाव्याला ते चालते. पण वाटणीचा किंवा संसाराचा वाद त्या गर्दीत मिटवू नये, या मतावर मी ठाम आहे. घरातला वाद ऐकून घ्यायलाच दोन-तीन बैठका लागतात. माणूस पहिल्या बैठकीत जमिनीबद्दल बोलतो, आणि दुसऱ्या बैठकीत कळते की आईच्या आजारपणात कुणी पाहिले नाही हे खरे दुखणे आहे. ते बाहेर आल्याशिवाय जमिनीचा आकडा ठरत नाही, आणि ठरलाच तरी टिकत नाही.

वाटणीचेच उदाहरण नीट घेतो, कारण आपल्या कोर्टातले सर्वात जास्त रखडणारे आणि सर्वात जास्त घरे फोडणारे दावे हेच. वडील वारले, तीन भाऊ, दोन बहिणी लग्न होऊन दिलेल्या. एक चंदगडकडे, एक बेळगाव तालुक्यात. भाऊ आपसांत तडजोड करतात आणि बहिणींना "फक्त सही कर" म्हणून बोलावतात. कर्नाटकात मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतले जन्मजात हिस्सेदार, म्हणून हक्क ३० जुलै १९९४ च्या राज्य दुरुस्तीने मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ते बंधन गेले, आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. हे त्या बहिणीला कुणीतरी तिच्या भाषेत सांगितले पाहिजे. सांगितल्यावरही ती म्हणू शकते, "मला नको, माझं माहेर राहू दे." तो तिचा निर्णय आहे आणि त्याचा मान राखावा. पण हक्क किती आहे हे माहीत असताना सोडणे वेगळे आणि कन्नड कागदावर भावाने बोट ठेवलेल्या जागी अंगठा उठवणे वेगळे.

म्हणून वाटणीच्या मध्यस्थीत मी बहिणींशी नेहमी वेगळे बोलतो, भाऊ खोलीबाहेर असताना. नवरे आणि सासरची माणसेही बाहेर, कारण कधी दडपण माहेरचे असते तर कधी सासरचे. एका प्रकरणात धाकटी बहीण पहिल्या दोन बैठका काही बोललीच नाही. तिसऱ्या वेळी एकटीने म्हणाली, "शेत नको, पण आईच्या नावाची ती दोन खणांची खोली मला द्या, आले तर उतरायला." भावांनी ती आनंदाने दिली. कोर्टात हिस्सा गुंठ्यांतच मोजला गेला असता. कोर्टाला जे देता येत नाही ते तडजोडीत देता येते, मध्यस्थीचा खरा लाभ हाच.

तडजोड झाल्यावर काम संपत नाही. नव्या वकिलांनी हे मनावर घ्यावे. वाटणीच्या दाव्यात आधी कुणाचा हिस्सा किती ते ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो, मग प्रत्यक्ष वाटप करून देणाऱ्या अंतिम हुकूमनाम्याची कारवाई, जिला आपण एफडीपी म्हणतो. पहिला मिळाल्यावर दुसऱ्यासाठी माणसे वर्षानुवर्षे थांबतात. कट्टुकंडी एडथिल कृष्णन प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर वेगळ्या अर्जाची वाट न पाहता कोर्टाने स्वतःच पुढची कारवाई चालू ठेवावी. मध्यस्थीत तर हे दोन टप्पे एकदमच उरकता येतात, फक्त तडजोडीत जमीन नुसती "उत्तर बाजूचा हिस्सा" अशी लिहून भागत नाही. सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, एकर-गुंठे-आणे, चतुःसीमा, विहिरीच्या पाण्याची पाळी, बैलगाडीची वाट सगळे हवे. सर्व्हे नंबराचे तुकडे पडत असतील तर मोजणी करून इलेव्हन-ई नकाशा (तुकड्यांचा सर्व्हे खात्याचा नकाशा) घ्यावा लागतो, नाहीतर तहसीलदारांकडे फेरफार अडतो. स्टॅम्प ड्युटी कुणी भरायची तेही कागदातच लिहावे. कुणी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने तडजोड करायला आदेश ३२ नियम ७ प्रमाणे कोर्टाची परवानगी आधी घ्यावी, ती नसेल तर मुलगा सज्ञान झाल्यावर तडजोड मोडू शकतो. दाव्यात नसलेली जमीन तडजोडीत ओढली तर ती नोंदणीशिवाय चालत नाही.

आणि जमीन सीमेच्या दोन्ही बाजूंना असेल तर? आपल्याकडे अशी घरे पुष्कळ. अर्धे शेत बेळगाव तालुक्यात, अर्धे चंदगड तालुक्यात. संहितेचे कलम १७ वेगवेगळ्या कोर्टांच्या हद्दीतल्या मिळकतीचा दावा एका कोर्टात आणू देते. पण पुढे इकडे कन्नड उतारा आणि तिकडे सातबारा, अशा दोन राज्यांच्या दोन कचेऱ्यांत नाव चढवायचे असते. अशा तडजोडीचा मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत करावा, प्रत्येक पानावर सह्या घ्याव्यात, आणि दोन मजकुरांत फरक पडला तर कोणता धरायचा तेही लिहून ठेवावे. मी तरी केंद्रात मराठी पक्षकार असताना तडजोड मोठ्याने मराठीत वाचून दाखवल्याशिवाय आणि त्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय सही घेत नाही. कन्नड पक्षकार असेल तर कन्नडमध्ये. दोन्ही भाषा बोलणारा मध्यस्थ आपल्या जिल्ह्यात मुबलक मिळतो, हे आपले मोठे बळ आहे. बांधावरून भांडणारे पाटील आणि गौडा एकमेकांची भाषा घरच्यासारखी बोलतात, चहाही एकत्र पितात. राजकारणातले भाषेचे भांडण त्यांच्या बांधावर आणू नये.

संसाराच्या वादात सीमा आणखी जाचते. मुलगी गडहिंग्लजची, दिलेली निपाणीला. नवऱ्याने इकडे घटस्फोटाचा अर्ज केला, तिने तिकडे पोटगीचा. दोन राज्यांतली ही प्रकरणे एका ठिकाणी आणायची तर दिवाणी संहितेच्या कलम २५ खाली किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४६ खाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. निपाणी ते गडहिंग्लज तासाभराची वाट, आणि अर्ज दिल्लीला. मध्यस्थीत दोघे एका टेबलावर बसले तर दोन्हीकडच्या प्रकरणांचा एकच करार होऊ शकतो: स्त्रीधन, मुलांचा ताबा, सुट्टीत भेट, पोटगीची रक्कम आणि ती भरण्याची तारीख, कोणता अर्ज कोण मागे घेणार. कराराची प्रत दोन्ही कोर्टांत दाखल करायची जबाबदारी नावानिशी लिहावी, कारण एकीकडची फाइल चालू राहिली की वॉरंट निघते आणि जुळलेले परत तुटते.

पण मारहाण झालेल्या बाईला समोरासमोर बसवून "जमवून घ्या" म्हणणे ही मध्यस्थी नव्हे. मध्यस्थाने पहिल्या बैठकीत तिच्याशी एकटीशी बोलावे, तिला जिवाची भीती आहे का ते विचारावे, आणि असेल तर फाइल परत पाठवावी. मध्यस्थी फसली असा शेरा पडला तरी चालेल. केंद्राचे यश किती मिटली या आकड्यावर मोजले की मध्यस्थावर दडपण येते, आणि ते दडपण शेवटी दुबळ्या बाजूवर उतरते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर गावपंचांनी तडजोड घडवणे बेकायदा आहेच, तसा निरोप घेऊन येणाऱ्यालाही वकिलाने दारातच थांबवावे.

गावपंचांवरून सामुदायिक मध्यस्थीकडे येतो. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात परिसरातली शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांच्या मंडळाची तरतूद आहे. मात्र त्यातला करार कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही, आणि ९ ऑक्टोबर २०२३ ला कायद्याची जी कलमे पहिल्यांदा अमलात आली त्यांत ही कलमे नव्हती. कल्पना आपल्याला परकी नाही. गोतसभा (गाव-भाऊबंदांची न्यायसभा) आणि महजर (तिच्या निवाड्याचा लेख) यांची परंपरा या मुलखात शतकांची आहे, आणि आजही पाण्याच्या पाळीचा वाद देवळात बसून मिटतो. पण त्या बैठकीत बायका नसत, दलित वस्तीतला माणूस उंबऱ्याबाहेर असे, आणि जातपंचायतीने वाळीत टाकल्याच्या जखमा अनेक घरांत ओल्या आहेत. गावात मध्यस्थ मंडळ करायचे तर त्यात स्त्री हवी, दुबळ्या वस्तीतला माणूस हवा, आणि "मला हे मान्य नाही, मी कोर्टात जातो" म्हणणाऱ्याला मुकाट जाऊ देण्याची लेखी हमी हवी. हे होत नसेल तर मंडळ न केलेले बरे.

व्यापारी वादांचे लवकर सांगून टाकतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्याची किंवा निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेची येणी असतील आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दावा लावण्यापूर्वी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. पाटील ऑटोमेशन प्रकरणात २०२२ साली हे पक्के झाले. तो टप्पा वगळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो आणि पक्षकाराचा वेळ जातो.

आता तुमच्यापुरते. मध्यस्थ होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीचे ४० तासांचे प्रशिक्षण लागते आणि वकिलीचा अनुभवही लागतो, तेव्हा ते तुम्हाला लगेच मिळणार नाही. तोपर्यंत खानापूरच्या तालुका विधी सेवा समितीत नाव द्या. तिचे अध्यक्ष तिथले ज्येष्ठ न्यायाधीश असतात. गावोगावच्या कायदा शिबिरांत मराठीत बोला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले कैदी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो हे सांगा, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक लोकांच्या फोनमध्ये भरून द्या. तुमच्या प्रत्येक पक्षकाराचे प्रतिज्ञापत्र सहीपूर्वी मराठीत वाचून दाखवा आणि तसे वाचून दाखवल्याची ओळ खाली लिहा. साक्षीच्या दिवशी आदेश १८ नियम ६ चा अर्ज तयार ठेवा. न्यायाधीश रागावत नाहीत, उलट बहुतेकांना ते सोयीचे वाटते. बार असोसिएशनमध्ये दोन मागण्या मांडा: मध्यस्थी केंद्रात तडजोडीचा छापील नमुना कन्नड आणि मराठी दोन्हीत असावा, आणि शपथ घेतलेल्या दुभाष्यांची व मोडी वाचकांची यादी कोर्टाच्या नोटीस बोर्डावर लागावी. दोन्ही गोष्टी जिल्हा न्यायाधीशांच्या पातळीवर होऊ शकतात. अर्जाचा मसुदा कन्नडमध्ये करा आणि सोबत मराठी प्रत जोडा. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे, त्याचा उल्लेख त्या अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात करा.